झिंक ऑक्साइडच्या जालकातील विरल मृदा : प्रस्तावना

झिंक ऑक्साइड हे जस्त आणि ऑक्सिजन यांचे साधे, स्वस्त आणि फार जुन्या काळापासून माणसाच्या वापरात असलेले संयुग आहे. कॅलामाइन लोशनमधली पांढरी भुकटी हीच, टायरच्या रबराला पक्केपणा आणणाऱ्या व्हल्कनीकरणात गंधकाच्या जोडीला हीच असते, दाढेतला खड्डा तात्पुरता बुजवताना लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलबरोबर दंतवैद्य हिचाच लगदा कालवतात, आणि वैद्यांच्या यशदभस्मातही प्रामुख्याने हेच संयुग असते. अशा घरोब्याच्या पदार्थात युरोपियम, टर्बियम, अर्बियम, सेरियम यांसारखी विरल मृदा मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात, बहुधा दर शंभर जस्त-अणूंमागे एक ते पाच अणू इतकी, मिसळली आणि त्याचे कण काही नॅनोमीटरांपासून काही दशक नॅनोमीटरांपर्यंत बारीक ठेवले, म्हणजे जो पदार्थ हाती येतो, त्याच्या गुणधर्मांचा विचार हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आणि एखाद्या शुद्ध स्फटिकात हेतुपुरस्सर, मोजून-मापून परके अणू घालण्याच्या क्रियेला डोपिंग म्हणतात. ज्या स्फटिकात ते घातले जातात त्याला यजमान म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती येथेही पाळली आहे.

या विषयावर गेल्या तीन दशकांत विपुल लेखन झाले आहे आणि त्यातील बराच भाग एकाच साच्याचा आहे: अमुक मूलद्रव्य घातले, अमुक गुणधर्म सुधारला, म्हणून ते मूलद्रव्य जालकात शिरले. या तर्कात एक कडी गाळलेली असते. मिसळलेले विरल मृदा आयन खरोखर जस्ताच्या जागी जाऊन बसले, की कणाच्या पृष्ठभागावर चिकटून राहिले, की दोन कणांच्या सांध्यात स्वतःचा वेगळा ऑक्साइड करून बसले, याचा निकाल आधी लागला पाहिजे. कारण प्रकाश, चुंबकत्व, उत्प्रेरण यांपैकी कोणत्याही गुणधर्माचा अर्थ त्या निकालावर अवलंबून असतो. म्हणून येथे आयनाच्या जागेचा प्रश्न पहिला घेतला आहे आणि गुणधर्म त्याच्या मागून आले आहेत.

प्रथम यजमानाची ओळख. झिंक ऑक्साइड वुर्ट्झाइट नावाच्या षट्कोनी रचनेत स्फटिकरूप धारण करते. तीत प्रत्येक जस्त-आयनाभोवती चार ऑक्सिजन-आयन चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात, आणि प्रत्येक ऑक्सिजनभोवती तसेच चार जस्त-आयन असतात. जी छोटी पेशी सर्व दिशांना पुन्हापुन्हा मांडली की स्फटिक तयार होतो, तिच्या तळाची बाजू सुमारे ०.३२५ नॅनोमीटर आणि उंची सुमारे ०.५२१ नॅनोमीटर भरते. विद्युतदृष्ट्या हा पदार्थ अर्धवाहक आहे. म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन ज्या संयुजा पट्ट्यात बांधलेले असतात तो आणि ज्या वहन पट्ट्यात गेल्यावर ते मोकळेपणाने फिरतात तो, या दोहोंमध्ये ऊर्जेची एक दरी असते, आणि झिंक ऑक्साइडमध्ये तिची रुंदी सामान्य तापमानाला सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एवढी ऊर्जा सुमारे ३६८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात असते. दृश्य प्रकाशाची ऊर्जा त्याहून कमी असल्याने तो शोषला जात नाही व भुकटी पांढरी दिसते, आणि अतिनील प्रकाश शोषला जातो म्हणूनच उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांत ती घालतात. वहन पट्ट्यात गेलेला इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धनभारित रिकामी जागा, जिला होल म्हणतात, ही एकमेकांना बांधून राहिली म्हणजे त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. झिंक ऑक्साइडमध्ये हे बंधन सुमारे ६० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असते, तर सामान्य तापमानाची औष्णिक ऊर्जा सुमारे २६ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यामुळे गॅलियम नायट्राइडसारख्या स्पर्धक पदार्थात जी जोडी खोलीच्या उष्णतेनेच मोडायला लागते, ती येथे टिकून राहते. प्रकाशाशी संबंधित संशोधकांना या पदार्थाची जी ओढ आहे, तिचे मूळ या एका आकड्यात आहे.

परंतु हा यजमान म्हणजे कोरी पाटी नव्हे. पांढरी भुकटी मुशीत घालून तापवली की ती लिंबासारखी पिवळी होते आणि गार होता होता पुन्हा पांढरी होते. तापमानाबरोबर ऊर्जेची दरी आकसून जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषला जाऊ लागतो, आणि उष्णतेने जालकातून निसटणाऱ्या किंचित ऑक्सिजनचाही त्यात वाटा मानला जातो. ऑक्सिजन निसटला की मागे रिक्तस्थान उरते. अशी रिक्तस्थाने, जागा सोडून फटींत शिरलेले जस्त-आयन आणि नकळत मुरलेला हायड्रोजन यांमुळे काहीही न मिसळलेले झिंक ऑक्साइडसुद्धा थोडी वीज वाहून नेते. तो हायड्रोजन इलेक्ट्रॉन-दाता असू शकतो, हे २००० साली क्रिस व्हॅन डी वॉल यांनी सैद्धांतिक गणिताने दाखवले, तोपर्यंत बहुतेकांचा सारा रोख ऑक्सिजनच्या रिक्तस्थानांवर होता. याच दोषांमुळे शुद्ध म्हणवणारी भुकटीही अतिनील दिव्याखाली बहुधा फिकट हिरवी चमकते; ५०० ते ५५० नॅनोमीटरच्या आसपासची ही पसरट दीप्ती नेमक्या कोणत्या दोषाची, यावरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. ज्या घरात आधीच इतकी वर्दळ आहे, तेथे नवा पाहुणा आल्यावर घडलेला प्रत्येक बदल पाहुण्याच्याच नावावर मांडणे धोक्याचे असते.

आता हे पाहुणे कोण, ते पाहू. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या इटर्बी गावच्या खाणीत १७८७ साली कार्ल अॅक्सेल अऱ्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड काळा दगड सापडला, आणि १७९४ साली योहान गॅडोलिन यांनी त्यातून एक नवी ‘मृदा’, म्हणजे त्या काळच्या भाषेत न वितळणारा व पाण्यात न विरघळणारा ऑक्साइड, वेगळी काढली. त्या एका खेड्याच्या नावावरून पुढे यिट्रियम, यटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम अशी चार मूलद्रव्ये ओळखली गेली. विरल हे नाव मात्र फसवे आहे. भूकवचातील सेरियमचे प्रमाण जवळजवळ तांब्याइतके आहे. टंचाई धातूची नसून वेगळेपणाची आहे, कारण ही पंधरा-सतरा मूलद्रव्ये रासायनिक वर्तनात इतकी सारखी आहेत की एकाला दुसऱ्यापासून सोडवणे हेच मोठे कष्टाचे आणि खर्चाचे काम ठरते. भारताला हा विषय परका नाही. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे विरल मृदांचे खनिज असल्याचे १९०९ साली उघड झाले, १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली, अळुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली, आणि त्या कंपनीचे मुख्यालय आजही मुंबईत प्रभादेवीला आहे. या मोनाझाइटमध्ये सेरियम, लॅन्थॅनम, निओडिमियम पुष्कळ असतात, युरोपियम मात्र अगदी थोडे. म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटात युरोपियम नायट्रेटची छोटी बाटली सर्वांत जपून ठेवलेली असते.

या मूलद्रव्यांचे सारे वैशिष्ट्य त्यांच्या चार-एफ या इलेक्ट्रॉन-कक्षेत आहे. जुन्या वाड्यात जसे ओटी आणि पडवी ओलांडल्यावर माजघर लागते आणि रस्त्यावरचा गलबला तेथवर पोहोचत नाही, तसे या आयनांत चार-एफ इलेक्ट्रॉन आत आणि पाच-एस व पाच-पी हे भरलेले थर बाहेर असतात. शेजारी कोणते अणू आहेत याचा परिणाम आतल्या इलेक्ट्रॉनांवर फार थोडा होतो, आणि म्हणून त्यांच्या ऊर्जापातळ्या जवळपास मुक्त आयनासारख्या रेखीव राहतात. युरोपियम सुमारे ६१२ नॅनोमीटरला लाल, टर्बियम ५४५ ला हिरवा प्रकाश देते, आणि अर्बियम १५४० नॅनोमीटरच्या आसपास डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देते. हा शेवटचा आकडा काचेच्या तंतूंतून संदेश नेणाऱ्यांना पाठ असतो, कारण त्या तरंगलांबीला तंतूतली गळती सर्वांत कमी असते, आणि १९८७ साली पुढे आलेले अर्बियम घातलेले तंतूच १९९० च्या दशकाच्या मध्यापासून समुद्राखालच्या संदेशांना मध्ये मध्ये बळ देत आले आहेत. पण माजघराच्या या शांततेची किंमतही मोजावी लागते. चार-एफ पातळीतून चार-एफ पातळीतच होणारी संक्रमणे पुंज-नियमांनी मूलतः निषिद्ध असतात, स्फटिकातील असममित परिसरामुळे ती थोडीशी शक्य होतात (ही शक्यता मोजण्याची रीत १९६२ साली जड आणि ओफेल्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिली), आणि त्यामुळे विरल मृदा आयन प्रकाश फार थोडा शोषतात. प्रकाश भरपूर शोषून ती ऊर्जा आयनाला आणून देणारा कोणीतरी शेजारी लागतो. झिंक ऑक्साइड अतिनील प्रकाश भरभरून शोषते. त्याने तो शेजारधर्म पाळावा, ही या साऱ्या संशोधनामागची मूळ अपेक्षा आहे.

अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांच्यामध्ये दोन अडचणी उभ्या आहेत, आणि त्या अगदी प्राथमिक आहेत. पहिली आकाराची. चार ऑक्सिजनांच्या घेऱ्यात बसलेल्या जस्त-आयनाची त्रिज्या सुमारे ०.०६० नॅनोमीटर असते. युरोपियम आयन सहा शेजाऱ्यांच्या घेऱ्यात सुमारे ०.०९५ नॅनोमीटरचा असतो. तशाच सहाच्या घेऱ्यात जस्त धरले तरी ते ०.०७४ नॅनोमीटरचेच भरते. शिवाय विरल मृदांना सहा ते नऊ शेजारी मानवतात, चार नव्हे. दुसरी अडचण विद्युतभाराची. जस्तावर दोन धनभार, युरोपियमवर तीन. एक जादा भार कोठेतरी फेडावा लागतो, म्हणजे दोन युरोपियम आयनांमागे एक जस्त-आयन जागा सोडतो, किंवा फटीत जादा ऑक्सिजन येतो, किंवा एकच धनभार असलेले लिथियम मुद्दाम घालून हिशेब जुळवला जातो. या दोन्ही अडचणींमुळे विरल मृदांची झिंक ऑक्साइडमधील विद्राव्यता मुळातच कमी आहे आणि जितके आयन घालावेत तितके आत राहत नाहीत. कण नॅनो आकाराचे असले तर आयनांना बाहेर पडायला दारही जवळ असते.

हे दार किती जवळ असते, याचा साधा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. वर दिलेल्या पेशीच्या मापांवरून झिंक ऑक्साइडच्या एका घन नॅनोमीटरमध्ये सुमारे ४२ जस्त-आयन मावतात. पाच नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणात म्हणजे ते सुमारे २,७५० होतात, आणि एक टक्का डोपिंग असेल तर त्या कणाच्या वाट्याला युरोपियमचे २७ आयन येतात. त्याच कणातले पाव हिश्श्याहून अधिक जस्त-आयन अगदी बाहेरच्या थरात असतात. वीस नॅनोमीटरच्या कणात युरोपियमचे सुमारे १,७६० आयन होतात. आता समजा, त्यांतला एकही आत शिरला नाही आणि सगळेच्या सगळे पृष्ठभागावर पसरले, तरी दर चौरस नॅनोमीटरला दीड आयनही येत नाही. एवढ्या विरळ थराला स्वतःचा स्फटिक नसतो, आणि ज्याला स्फटिक नाही त्याची खूण क्ष-किरणांच्या आलेखात उमटत नाही. ‘आलेखात युरोपियम ऑक्साइडची शिखरे दिसली नाहीत, म्हणून युरोपियम जालकात शिरले’ हे वाक्य असंख्य निबंधांत आढळते, आणि हा हिशेब पाहिल्यावर ते पुरावा म्हणून टिकत नाही.

क्ष-किरण विवर्तनाची पद्धत मात्र या अभ्यासाचा पाया आहे, म्हणून तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही नीट कळायला हव्यात. स्फटिकातल्या समांतर अणुथरांवरून परावर्तित झालेले क्ष-किरण ठरावीक कोनांत एकमेकांना बळ देतात आणि आलेखावर शिखरे उमटतात. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांनी मोजले तर झिंक ऑक्साइडची तीन ठळक शिखरे सुमारे ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर येतात. कण लहान असले की शिखरे रुंद होतात, आणि या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढण्याचे सूत्र पॉल शेरर यांनी १९१८ साली दिले. मोठा आयन जालकात शिरला तर थर किंचित फाकतात आणि शिखरे लहान कोनांकडे सरकतात, हे तत्त्वतः बरोबर आहे. पण नमुन्याची पातळी धारकात ०.१ मिलिमीटर खाली बसली, तरी नेहमीच्या यंत्रात शिखर सुमारे ०.०५ अंश त्याच दिशेला सरकते, आणि निबंधांत पुरावा म्हणून दाखवलेली सरक पुष्कळदा एवढीच असते. नमुन्यात सिलिकॉनसारखा ज्ञात पदार्थ मिसळून त्याच्या शिखरांशी ताडून पाहिले की हा संशय फिटतो. हे काम फार नाही, तरी ते केले जात नाही, ही खंत येथे नोंदवणे भाग आहे.

नमुना तयार कसा होतो, हे माहीत असल्याशिवाय या शंका वाचकाच्या मनात जिवंत होणार नाहीत. सर्वांत प्रचलित अशी सह-अवक्षेपण पद्धत घ्यावी. झिंक अॅसिटेट पाण्यात विरघळवले की व्हिनेगरसारखा मंद वास येतो. त्यात मोजके युरोपियम नायट्रेट घालतात, आणि चुंबकीय ढवळणी फिरत असताना सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. पहिल्या थेंबांना दुधाळ रेषा उमटून विरून जातात, मग एका क्षणी चंचुपात्रातला सगळा द्रव ताकासारखा दाट पांढरा होतो. सामू नऊ-दहाच्या आसपास राखावा लागतो, कारण जस्ताचे हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे आणि अल्कली जास्त झाली तर आलेला साका पुन्हा विरघळू लागतो; युरोपियमचे हायड्रॉक्साइड मात्र तसे विरघळत नाही. शिवाय दोन्ही धातू एकाच सामूला खाली बसत नाहीत. म्हणजे थेंब सोडण्याचा वेग आणि हाताची घाई यांवर पाहुणा आत जाणार की बाहेर राहणार, हे त्या पात्रातच निम्मेअधिक ठरून जाते. पुढे साका धुऊन, वाळवून, अकीकाच्या खलात घोटून भट्टीत चारशे ते सहाशे अंश सेल्सिअसला भाजतात, आणि उष्णतेने कण वाढू लागले की न मानवणारे आयन सीमेकडे ढकलले जातात. सोल-जेल, जलऔष्णिक आणि ज्वलन या इतर पद्धतींचेही असेच आपापले गुणदोष आहेत. त्यांतल्या ज्वलन पद्धतीला, म्हणजे धातूंचे नायट्रेट व युरियासारखे इंधन तापवून काही मिनिटांत ऑक्साइडची हलकी, फुगीर भुकटी मिळवण्याच्या रीतीला, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांच्या गटाने १९८८ च्या सुमारास जे रूप दिले, त्यामुळे साध्या भट्टीवर चालणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य महाविद्यालयीन प्रयोगशाळांना या क्षेत्राचे दार उघडले.

भाजलेली भुकटी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरली आणि ती लाल चमकली, की प्रयोगकर्त्याला होणारा आनंद खरा असतो. पण ती लाली नेमके काय सांगते, ते तपासले पाहिजे. युरोपियमच्या दोन रेषा येथे उपयोगी पडतात. ५९० नॅनोमीटरजवळची नारिंगी रेषा चुंबकीय द्विध्रुवाच्या स्वरूपाची असून तिच्यावर परिसराचा फारसा परिणाम होत नाही. ६१२ जवळची लाल रेषा विद्युत द्विध्रुवाची असून आयनाभोवतीची मांडणी जितकी असममित तितकी ती प्रबळ होते. या दोहोंच्या प्रमाणावरून आयनाच्या शेजाराची असममिती अजमावता येते, आणि या अर्थाने युरोपियम हा पदार्थाच्या पोटात सोडलेला हेरच ठरतो. तथापि घन स्फटिकरूपातील स्वतंत्र युरोपियम ऑक्साइडही ६११ नॅनोमीटरलाच चमकते. म्हणून उत्सर्जनापेक्षा उत्तेजनाचा वर्णपट अधिक बोलका असतो: लाल रेषेवर नजर ठेवून दिव्याची तरंगलांबी बदलत न्यावी, आणि लाली कोणत्या तरंगलांबीला वाढते ते पाहावे. ३९४ आणि ४६५ नॅनोमीटरलाच टोकदार शिखरे आली, तर युरोपियम आपल्या हिमतीवर प्रकाश शोषत आहे आणि यजमानाचा त्याला काही हातभार नाही. ३७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या स्वतःच्या शोषणाच्या जागी, पसरट उंचवटा आला, तरच यजमानाची ऊर्जा पाहुण्यापर्यंत पोहोचते असे म्हणता येते. पुष्कळ नमुन्यांत हा उंचवटा क्षीण असतो किंवा नसतोच. कारण एक्सायटॉन अतिशय थोड्या वेळात विझतो, दोषांच्या पातळ्या त्याची ऊर्जा आधीच पळवतात, आणि पृष्ठभागावरच्या आयनाच्या वाट्याला थोडेच उरते. केवळ लाल प्रकाश हवा असेल तर युरोपियम घातलेले यिट्रियम ऑक्साइड आजही झिंक ऑक्साइडपेक्षा कितीतरी सरस आहे, हे मान्य केलेले बरे. झिंक ऑक्साइडचे खरे आकर्षण असे, की ते वीज वाहते, स्वस्त आहे, आणि विजेने आयनाला थेट उद्दीपित करण्याची शक्यता त्याच्यात आहे.

शेजारच्या एका पदार्थाचा इतिहास येथे आठवावा असा आहे. १९९४ साली रामेश्वर भार्गव आणि सहकाऱ्यांनी मँगनीज घातलेल्या झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांविषयी असा दावा केला, की कण लहान झाले की मँगनीजच्या दीप्तीचा आयुष्यकाल मिलिसेकंदांवरून नॅनोसेकंदांवर येतो आणि तरीही तिची कार्यक्षमता उंच राहते. डोपिंग केलेल्या नॅनोकणांकडे जगाचे लक्ष वेधले ते या निबंधामुळे. १९९८ साली नेदरलँड्समध्ये बोल आणि मायरिंक यांनी दाखवले, की ती झटपट विझणारी दीप्ती मँगनीजची नसून यजमानातल्या दोषांची आहे आणि मँगनीजचा आयुष्यकाल नॅनोकणातही मिलिसेकंदांचाच राहतो. पहिल्या निबंधाने क्षेत्र उघडले, दुसऱ्याने ते जमिनीवर आणले, आणि दोन्हींचे मोल मोठे आहे. झिंक ऑक्साइडमध्येही आकाराच्या नावावर पुष्कळ काही खपवले जाते. इलेक्ट्रॉन कोंडला गेल्यामुळे ऊर्जेची दरी रुंदावण्याचा परिणाम कणाची त्रिज्या एक्सायटॉनच्या त्रिज्येच्या, म्हणजे सुमारे दोन नॅनोमीटरांच्या, जवळपास आली तरच ठळक होतो. पंचवीस नॅनोमीटरच्या कणात दरी ०.०३ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बदलली, तर तिचे श्रेय या परिणामाला देता येत नाही, आणि आलेखावर पट्टीने रेघ ओढून काढलेल्या आकड्यात तेवढी चूक सहज असू शकते.

प्रकाश-उत्प्रेरणाचा भाग महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचा वाटेल, कारण इचलकरंजी आणि सोलापूर यांसारख्या कापड-व्यवसायाच्या शहरांत रंगीत सांडपाणी ही रोजची चिंता आहे. झिंक ऑक्साइडने अतिनील प्रकाश शोषला की मोकळा झालेला इलेक्ट्रॉन व होल पृष्ठभागावर येऊन पाणी आणि ऑक्सिजन यांपासून अतिशय क्रियाशील मूलके तयार करतात, आणि ती रंगाचे रेणू तोडतात. इलेक्ट्रॉन व होल वाटेतच एकमेकांना भेटले तर मात्र सारे वाया जाते. सेरियमसारखा आयन चार व तीन या दोन भारांमध्ये ये-जा करू शकत असल्याने इलेक्ट्रॉनला काही काळ अडवून धरतो, असे स्पष्टीकरण दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. येथे तर आयन पृष्ठभागावर असणेच फायद्याचे ठरू शकते. परंतु विरल मृदा कणांच्या सीमेवर बसून त्यांची वाढही रोखतात, त्यामुळे डोपिंग केलेले कण लहान राहतात, त्यांचे एकूण पृष्ठक्षेत्र वाढते, आणि रंग लवकर फिका होण्याचे श्रेय पुष्कळदा इलेक्ट्रॉनच्या अडवणुकीपेक्षा या वाढीव क्षेत्रालाच जाते. मिथिलीन ब्लू हा चाचणीचा आवडता रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, अंधारातही कणांवर चिकटतो आणि उजेडात आपोआपही थोडा फिका पडतो. म्हणून अंधारातले आणि उत्प्रेरकाविना घेतलेले मोजमाप जोडलेले नसेल, तर दृश्य प्रकाशात काम करणाऱ्या उत्प्रेरकाचा दावा मान्य करता येत नाही. शिवाय झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते व तीव्र प्रकाशात स्वतःही झिजते, आणि पाण्यात उतरलेले जस्त जलचरांना बाधते. सांडपाण्याचा उपाय म्हणून त्याची शिफारस करण्याआधी हे तोलले गेले पाहिजे.

चुंबकत्वाबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. टोमाझ डीटल आणि सहकाऱ्यांनी २००० साली मँगनीज घातलेल्या व होलांनी समृद्ध अशा झिंक ऑक्साइडमध्ये सामान्य तापमानाला लोहचुंबकत्व मिळू शकेल, असे भाकीत केले, आणि तेव्हापासून गॅडोलिनियमसह बहुतेक चुंबकीय आयन या जालकात घालून पाहिले गेले. गॅडोलिनियमच्या आयनात सात अयुग्म इलेक्ट्रॉन असले, तरी ते माजघरातले असल्यामुळे शेजारच्या आयनाशी त्यांचा संवाद अगदी क्षीण असतो, आणि एक-दोन टक्के आयनांच्या जोरावर संपूर्ण पदार्थ सामान्य तापमानाला लोहचुंबक व्हावा, याला भक्कम आधार मिळालेला नाही. हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत २००४ साली आढळलेल्या अनपेक्षित चुंबकत्वाचे एक कारण पुढल्याच वर्षी समोर आले: नमुना पोलादी चिमट्याने उचलला तरी तेवढे चुंबकत्व त्याला लागते. नॅनोकणांची चुंबकीय मापने करणाऱ्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचा चिमटा असावा, ही या साऱ्या वादातून निघालेली अगदी व्यवहारातली शिकवण आहे. वायुसंवेदक, जिवाणूरोधक लेप आणि पेशींचे चित्रण या उपयोगांची चर्चा विस्ताराची आहे. त्यांतही आयन कोठे आहे हाच प्रश्न कळीचा ठरतो, कारण वायू, जिवाणू आणि पेशीतला आम्लधर्मी द्रव या सर्वांची गाठ पहिल्यांदा कणाच्या पृष्ठभागाशीच पडते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत झिंक ऑक्साइडवर दर वर्षी अनेक प्रबंध लिहिले जातात, आणि त्यांतले पुष्कळ विद्यार्थी लहान गावांतल्या महाविद्यालयांत, मोजक्या साधनांवर काम करतात. क्ष-किरण शोषणाच्या सूक्ष्म रचनेवरून आयनाचे शेजारी थेट मोजणारी पद्धत त्यांच्या सहज आवाक्यात नसते. त्यासाठी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवर वेळ मागावा लागतो, आणि तो जरूर मागावा. पण एक गोष्ट कोणत्याही प्रयोगशाळेत करता येते. शुद्ध झिंक ऑक्साइडची एक कुपी आणि डोपिंग केलेल्या भुकटीची दुसरी कुपी नेहमीच तयार होते. तिसरी कुपी झिंक ऑक्साइड आणि युरोपियम ऑक्साइड त्याच प्रमाणात नुसते खलात एकत्र घोटून, त्याच तापमानाला तितकाच वेळ भाजून भरावी, आणि प्रत्येक मोजमाप तिन्ही कुप्यांवर घ्यावे. दुसरी आणि तिसरी कुपी सारखीच वागली, तर तसे स्वच्छपणे लिहावे. तिसरी कुपी तयार करायला एक दिवस पुरतो. या ग्रंथाच्या वाचकाने तो एक दिवस द्यावा, एवढी विनंती आहे.